ओसाडबुवाची कांडी

ज्याला मंत्र येतो, त्याला कांडी कशाला लागते?

हा प्रश्न माझ्या आजीचा. तलवारबहाद्दराला जादूची तलवार मिळाली, तर ते तिला पटतं. चांगली विळी चांगलं कापते, तसंच ते. पण ज्याला मुळातच जादू येते त्याला आणखी जादूची वस्तू देणं, म्हणजे तिच्या मते सुगरणीच्या घरी डबा लावण्यासारखं. "येत नसेल तर तसं सांगा म्हणावं," असा तिचा निकाल.

प्रश्न खेळातला आहे. पण गेली दोन वर्षं तो माझ्या डोक्यातून जात नाही आणि त्याचं कारण मात्र खेळाच्या बाहेरचं आहे. म्हणून हा लेख.

आधी थोडं खेळाविषयी, कारण अंकाच्या सगळ्याच वाचकांनी तो खेळला असेल असं नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याला पट नसला तरी चालतो. एकजण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर किंवा नुसतं डीएम म्हणतात. बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि "मी दार ढकलते", "मी खांबामागे लपतो" असं सांगत गोष्ट पुढे नेतात. बेत जमला की फसला, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो.

आमच्या घरी डीएम मी. मे महिन्यात पंजाब मेलने मुंबईहून ग्वाल्हेरला जायचं, लष्कर भागातल्या मामाच्या घरी दुपारी कूलरसमोर पाच भावंडांनी बसायचं, आणि "आता आवरा तुमची भुतं, पानं घ्यायचीत" असं आजी म्हणेपर्यंत खेळायचं, असा तीन वर्षांचा क्रम आहे. गोष्ट इंग्रजी पुस्तकातल्या किल्ल्यात घडत नाही. गच्चीवरून एवढा मोठा किल्ला दिसत असताना दुसरा कशाला हवा? मानमंदिराखालची तळघरं, गुजरी महाल, सास-बहू मंदिर, तेली का मंदिर, सगळं आमच्या नकाशात आहे. राक्षस तेवढे बाहेरून आणले.

आता मांत्रिकाकडे येते. या खेळातला मांत्रिक सुरुवातीला फार दुबळा असतो. पहिल्या पातळीवर त्याच्याकडे किरकोळ युक्त्या सोडल्या तर मोठे असे दोनच मंत्र टाकायची ताकद असते. ती संपली की विश्रांती घेतल्याशिवाय परत येत नाही. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातून आली. त्यातल्या जादूगारांच्या डोक्यात मोजकेच मंत्र मावतात, आणि मंत्र उच्चारला की तो डोक्यातून पुसला जातो. खेळातल्या वेक्ना या दुष्ट जादूगाराचं नाव तुम्ही वेबसिरीजमुळे ऐकलं असेल. ते व्हान्स या नावाच्याच इंग्रजी अक्षरांची उलटापालट करून बनवलेलं आहे.

शिवाय मंत्राला तीन गोष्टी लागू शकतात: शब्द, हातवारे आणि सामग्री. आगीच्या गोळ्याच्या मंत्राला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं. वटवाघळाच्या विष्ठेतून सोरा मिळतो, आणि सोरा-गंधक म्हणजे बंदुकीच्या दारूचं अर्धं सामान. खेळ रचणाऱ्यांचा हा मिश्कीलपणा. उजेडाच्या छोट्या मंत्राला काजवा लागतो.

आजीला यात काही नवल वाटलं नाही. तिच्या देवघरात 'नवनाथ भक्तिसार' आहे, धुंडिसुत मालूंची चाळीस अध्यायांची पोथी, १८१९ सालची. त्यातल्या नाथांच्या झोळीत भस्म असतं. अस्त्राचा मंत्र जपायचा, चिमूटभर भस्म फेकायचं, की काम झालं. शब्द, हात, सामग्री. "तुमच्या त्या अमेरिकेतल्या माणसाने पोथी वाचलेली दिसते," एवढंच ती म्हणाली.

आणि मग वस्तू. मांत्रिकांसाठी त्या ढिगाने आहेत, पण तीन नमुने पुरेत. पहिला, मंत्राचा कागद: वाचला की अक्षरं उडतात आणि कागदाची धूळ होते. दुसरा, एक मोती: खर्च झालेली मंत्राची ताकद तो दिवसातून एकदा परत देतो. तिसरी, जादूच्या बाणांची कांडी: तिच्यात मोबाइलसारखे चार्ज असतात, सात. रोज पहाटे त्यातले काही परत भरतात. पण शेवटचा, सातवा चार्ज वापरलात तर फासा टाकायचा, आणि एक आकडा पडला तर कांडीची राख.

नीट पाहा, या तिन्हींतली एकही वस्तू मांत्रिकाला जास्त ज्ञान देत नाही. तिघी मिळून त्याला देतात ती एक जास्तीची संधी. हे मला नियम वाचून कळलं नव्हतं. माझ्या मामेभावामुळे कळलं.

तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान. बोलताना अडखळतो. लहानपणापासून. क, त आणि प ही अक्षरं त्याच्या वाटेत बसलेली असतात, आणि गंमत अशी की त्याचं स्वतःचं नाव त्यातल्याच एका अक्षरावरून सुरू होतं. फोनवर "कोण बोलतंय?" हा त्याच्यासाठी जगातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. शाळेत धडा वाचायला एकेकाला उभं करत, तेव्हा त्याचा नंबर आला की बाई म्हणायच्या, "तू राहू दे, पुढचा." त्यांच्या मनात दयाच असणार. पण वर्षानुवर्षं "पुढचा" ऐकल्यावर माणूस स्वतःच स्वतःला वगळायला लागतो. (हे लिहू का, असं मी त्याला विचारलं. "माझं नाव घालू नकोस, ओसाडबुवाचं घातलंस तरी चालेल," म्हणाला.)

दुसऱ्या वर्षी तो खेळात आला. आमचा एक घरगुती नियम आहे: मंत्र टाकायचा तर तो स्वतः रचून, मराठीत, मोठ्याने म्हणायचा. सगळ्यांना वाटलं, हा मारामारीवाला होईल, कुऱ्हाड चालवेल, जास्त बोलावं लागणार नाही. त्याने कागदावर लिहिलं: मांत्रिक. नाव: ओसाडबुवा. 'ओ' त्याला अडत नाही म्हणून हे नाव, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी आम्ही नुसते हसलो, आणि तोही.

मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, हा मोठ्याने म्हणायचा नियम आपण काढून टाकू या.

"नको ताई," तो म्हणाला. "काढलास तर कशासाठी काढला ते सगळ्यांना कळेल."

घरातल्या लोकांनी उपाय केले नव्हते असं नाही. ग्वाल्हेरात आवाजाचा उपाय म्हटला की पाय एकाच ठिकाणी वळतात. हजिरा भागात सूफी संत मुहम्मद घौस यांचा भव्य मकबरा आहे, आणि त्याच्या आवारात तानसेनाची साधी, लहानशी समाधी. दर डिसेंबरात तानसेन समारोह होतो तो याच परिसरात. घौस १५६३ साली वारले. 'जवाहिर-ए-खम्सा' हा त्यांचा ग्रंथ ईश्वराच्या नावांचे जप, अक्षरं, ग्रह यांविषयीचा आहे, आणि योगावरच्या 'अमृतकुंड' या ग्रंथाचं फारसी रूपही त्यांनी केलं. म्हणजे मंत्रविद्येवर पोथी लिहिणारा खराखुरा माणूस आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर विसावलेला आहे. तानसेनाच्या समाधीपाशी चिंचेचं झाड असतं. त्याची पानं खाल्ली की गळा गोड होतो, असं पिढ्यान् पिढ्या मानतात. लोकांनी इतकी पानं ओरबाडली की मूळचं झाड टिकलंच नाही असं सांगतात, आता आहे ते त्याच्या जागी आलेलं.

मामीने त्याला सहाव्या वर्षी तिथे नेऊन पानं खायला घातली होती. "कशी लागली?" असं मी विचारलं. "आंबट," तो म्हणाला.

तानसेनाबद्दल एक दंतकथा अशीही सांगतात, की तो लहानपणी मुका होता. बेहट या त्याच्या गावच्या शिवमंदिरात एके दिवशी त्याचा कंठ फुटला, आणि पहिल्याच सुराने देऊळ एका बाजूला कललं. लोक आजही ते कललेलं देऊळ दाखवतात. मामेभावाला ही गोष्ट आवडत नाही. त्याचं म्हणणं, अशा गोष्टींत मुलगा एक तर मुका असतो, नाहीतर तानसेन. मधले दिवस कोणी सांगत नाही.

त्या मधल्या दिवसांसाठी मी नियमांच्या पुस्तकात शोधत होते, आणि एक ओळीचा नियम सापडला. वस्तूतून मंत्र टाकला तर, वस्तूच्या वर्णनात वेगळं सांगितलं नसेल तर, त्याला शब्द, हातवारे, सामग्री यांतलं काहीच लागत नाही. कांडी रोखायची, बस्स. घरगुती नियमही मोडत नाही, कारण मंत्र तो टाकत नाही, कांडी टाकते.

कांडी मी किल्ल्यावर चढतानाच्या चतुर्भुज मंदिरात ठेवली. कातळात कोरलेलं लहानसं देऊळ, आणि त्यातला इसवी सन ८७६चा शिलालेख. त्यात २७० आणि ५० हे आकडे आहेत, आणि त्यांतली शून्यं आपण आज लिहितो तशीच गोल. जुन्यात जुन्या शून्यांपैकी ती आहेत. आमच्या गोष्टीत ते शून्य दाबलं की कातळ सरकतो. ओसाडबुवाने दाबलं. सात चार्ज मिळाले.

आजी दारातून बघत होती. तिने गोरखनाथाची गोष्ट काढली. स्त्रीराज्यातून परत निघताना मच्छिंद्रनाथांनी सोन्याची वीट झोळीत लपवली होती, आणि मग वाटेत ते सारखे विचारत, पुढे चोरांचं भय नाही ना? गोरखाने गुपचूप वीट फेकून दिली, झोळीत तेवढ्या वजनाचा दगड ठेवला, आणि सांगितलं, भय होतं ते मागे राहिलं. मग गुरूला विटेचं दुःख झालं तेव्हा त्याने अख्खा डोंगर सोन्याचा करून दाखवला. "कांडी सांभाळता सांभाळता मंत्र विसरेल तो," आजी म्हणाली.

तिचं खरं ठरेल असं मलाही वाटलं. पहिले तीन दिवस ओसाडबुवा नुसती कांडीच चालवत होता. टर्न आला की कांडी उचलायची, फासे टाकायचे, बाण कधी चुकत नाहीत, राक्षस पडायचा. तोंडातून शब्द नाही. पण एक गोष्ट बदलली होती. या खेळात प्रत्येकाचा टर्न ठरलेला असतो. तो कोणी खाऊ शकत नाही. "पुढचा" म्हणायची सोय नाही. तो त्याचा टर्न घेत होता, दर वेळी, पूर्ण.

चौथ्या दिवशी मानमंदिराच्या तळघरात शत्रूच्या पुजाऱ्याने निःशब्दतेचा मंत्र टाकला. वीस फुटांच्या त्या वर्तुळात आवाज म्हणून उमटत नाही, आणि म्हणून शब्द लागणारा एकही मंत्र चालत नाही. आमच्या टेबलावर पात्राचं जे होतं तेच खेळाडूचं होतं. त्यामुळे सगळ्यांनी तोंडं मिटली. माझ्या दोन्ही बहिणी, ज्या एरवी मामेभावाचं वाक्य त्याच्याआधी पुरं करतात, हातवारे करून करून दमल्या. त्यांचे मंत्र शब्दांचे. सगळे अडकले. तो एकटाच आरामात कांडी रोखून बसला होता. एक बाण, दुसरा बाण. मध्येच त्याने एका बहिणीकडे बघितलं, तिच्या ओठांची धडपड बघितली, आणि असा काही हसला की आवाज न करण्याचा नियम त्यानेच मोडला. मी त्याला दंड केला नाही.

त्या लढाईनंतर कांडीत एकच चार्ज उरला. आणि तो त्याने वापरला नाही. दुसऱ्या दिवशी पहाट झाली, चार्ज भरले, तो शेवटच्या एकापर्यंत यायचा आणि तिथे थांबायचा. फाशावर एक पडला तर राख, ही भीती. मला वाटलं, झालं, सोन्याची वीट.

पण थांबल्यावर टर्न तर घ्यावाच लागतो. पाचव्या दिवशी अंधाऱ्या भुयारात त्याने कांडी समोर जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, मंत्र टाकतो. उजेडाचा. काजवा लागणारा. मंत्र त्याने आधीच रचून वहीत लिहून आणला होता.

"काजव्या, कोपरा उजळ."

तीनच शब्द, आणि त्यांतले दोन 'क'चे. मुद्दाम. बाकीची बाराखडी मोकळी असताना त्याने वाटेत बसलेलं अक्षरच निवडलं होतं. पहिला 'क' किती वेळ लागला मी सांगणार नाही, मी घड्याळ बघितलं नाही. कूलर घरघरत होता. बहिणी टेबलाकडे बघत होत्या, पण कोणी वाक्य पुरं केलं नाही. मंत्र पूर्ण झाला. मी सांगितलं, भुयारात उजेड पडला, समोर तीन वाटा दिसतायत. "म-मधली," तो म्हणाला, आणि खेळ पुढे गेला.

मग त्या सुट्टीत त्याने बरेच मंत्र टाकले. काही नीट आले, काही अडले. कांडी दर वेळी समोर असायची, एका चार्जसकट. एकदा मी विचारलं, आता वापरत नाहीस तर दुसऱ्या कुणाला दे ना. तो म्हणाला, "ती आहे म्हणून तर बोलतोय. अडलो तर उचलीन."

मला तेव्हा तंबोरा आठवला. ग्वाल्हेर हे गाणाऱ्यांचं गाव. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे येऊन वासुदेवबुवा जोशांकडे शिकले आणि ती गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. इथल्या मराठी घरांत कोपऱ्यात तंबोरा असणं नवीन नाही, आमच्याही आहे, मोठ्या आत्याचा. तंबोरा राग गात नाही. चार तारा आहेत तेवढ्याच वाजत राहतात. पण गाणारा कितीही लांब गेला, सूर हलला, तरी परत यायची जागा तिथे चालू असते, म्हणून तो लांब जाऊ शकतो. कोणी म्हणत नाही की गाता येत असेल तर तंबोरा कशाला. सोन्याची वीट आणि तंबोरा दोन्ही वस्तूच. एकीची राखण करावी लागते, दुसरी माणसाची राखण करते. कांडी कोणत्या बाजूला जाईल ते कांडीत लिहिलेलं नसतं. ती समोर ठेवून तुम्ही मंत्र म्हणता का, त्यावर ते ठरतं.

आजीला मी हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ठीक आहे. पण त्या मुलींना सांग, मध्ये बोलायचं नाही." माझ्या मते सगळ्या लेखाचं सार तिने एका वाक्यात सांगितलं. कांडीने निम्मं काम केलं. निम्मं काम टेबलाभोवतीच्या चार तोंडांनी गप्प बसून केलं.

मामेभाऊ अजून अडखळतो. खेळाने ते जात नसतं, आणि तो त्यासाठी खेळलाही नव्हता. यंदा त्याची बारावी होती. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेची त्याला लेखीपेक्षा जास्त धास्ती होती. मी इथे हॉस्टेलवर, तो तिथे. परीक्षा कशी झाली, असं विचारायचं मी टाळलं. संध्याकाळी त्याचाच मेसेज आला: "टर्न घेतला." आणखी काही नाही. मार्क मी विचारले नाहीत, त्याने सांगितले नाहीत.

गेल्या आठवड्यात दुसरा मेसेज आला. येत्या मे महिन्यात डीएम तो होणार म्हणतोय. ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना कळेल हे काय आहे. डीएमला सगळ्यात जास्त बोलावं लागतं: राक्षस तो, राजा तो, वाटाड्या तो, भुयारातला वारासुद्धा तोच. दिवसभर. किल्ल्याचा नवा नकाशा काढून झालाय, गुजरी महालात काहीतरी लपवलंय, एवढं त्याने फोडलं.

मी कळवलं, या वेळी मी मांत्रिक होणार, मला वस्तू कोणती देशील?

उत्तर आलं: "आधी मंत्र रचून आण. मोठ्याने म्हणायचा आहे."